दोन आसनांचे विमान

घरात माणसे पाच आणि विमानात आसने दोन! अमेरिकेतील आमच्या जुन्या सेस्ना-१५० चे हे गणित वसईच्या आप्तांना काही केल्या पटत नाही. इंजिन शंभर अश्वशक्तीचे. उड्डाणाच्या वेळी एकूण वजनाची मर्यादा ७२६ किलो. त्यात रिकामे विमानच सुमारे ५०० किलो, भरल्या टाक्यांतील इंधन ६१. उरलेल्या १६५ किलोंत दोन माणसे आणि त्यांचे सामान.

"मग चार आसनांचे का घेत नाहीस?" १९५६ साली बाजारात आलेले सेस्ना-१७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान खरे, परंतु टाक्या काठोकाठ भरल्यावर त्यातही चार धडधाकट प्रौढ बहुधा नेता येत नाहीत. शिवाय ते इंधन अधिक पिते. आम्हांला चार आसने वर्षातून दोन-तीनदाच लागतात. तेव्हा क्लबचे विमान तासाच्या भाड्याने घ्यावे, हेच शहाणपणाचे.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले, तेव्हा नेमके ते दुरुस्तीत होते. आधी कोण? बावन्न वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांवाचून प्रवास केलेला नाही. आईने बाबांना पुढे धाडले. लोरेटोच्या मातेला पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० साली वैमानिकांची आश्रयदाती ठरविले, हे तिला ठाऊक होते. वीस मिनिटे ती जपमाळ ओढीत कुंपणाशी उभी राहिली, असे मुलांनी सांगितले.

दुसऱ्या फेरीला ती माझ्या शेजारी बसली. खाली कुंपणाशी बाबा होते. जपमाळ आता त्यांच्या हाती होती.