भेकराची वाट आणि तारेचे कुंपण

महाडच्या बाजारपेठेतील लोखंडी सामानाच्या दुकानांत काटेरी तारेची भेंडोळी रचलेली दिसतात. पावसाळा सरला की त्यांना मागणी येते. औद्योगिक वसाहतीत नवी शेड उभी राहायची असो, की पोलादपूरच्या बाजूला डोंगरउतारावर आंबा-काजूची लागवड व्हायची असो, पहिला खर्च कुंपणाचाच असतो. खरेदीखत, सात-बारावरील नोंद, मोजणी आणि मग कुंपण, असा या व्यवहाराचा क्रम ठरून गेला आहे. जमीन घेणारा, तार विकणारा किंवा काम करून देणारा ठेकेदार, यांपैकी कोणी तरी पुष्कळदा जैन व्यापारी कुटुंबातील असतो. व्यवहार सचोटीने होतो, पैसे चुकते होतात, हद्द निश्चित होते. मात्र त्याच जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला जाणाऱ्या प्राण्याचा विचार या कागदपत्रांत कोठेही नसतो.

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूरवरून महाडकडे येते. रायगडाच्या बाजूने येणारी काळ नदी तिला मिळते. या खोऱ्यांत रस्ते, गावे, भातखाचरे आणि कारखाने आहेत. वरच्या उतारांवर रान आहे. पूर्वेस आंबेनळी घाट चढून गेले की प्रतापगड व जावळीचे दाट अरण्य लागते आणि त्यापलीकडे कोयनेचे अभयारण्य. या रानात भेकर राहते. कोठे सांबर आढळते, तर गर्द झाडीत सशाएवढे पिसोरीही असते. कोकणात पाऊस धो-धो पडतो खरा. परंतु डोंगराची जमीन पाणी धरून ठेवत नाही. चैत्र-वैशाखात वरचे पऱ्ये आटतात आणि रानातील जीवांना खाली उतरल्यावाचून गत्यंतर राहत नाही. ज्या वाटेने ते उतरतात, तिच्यावर गेल्या दिवाळीनंतर कोणी तरी पाच पदरी तार ओढलेली असते.

हरिणवर्गीय प्राणी तारेला कसे सामोरे जातात, हे समजून घेण्यासारखे आहे. भेकर खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच आणि वजनाने वीस-पंचवीस किलोंचे असते. पाठीचा बाक व खाली झुकलेली मान यांमुळे त्याचे शरीर झुडपांतून घुसण्यास सोयीचे झालेले असते. कुंपण दिसले की ते सहसा उडी मारत नाही. तारेच्या कडेकडेने चालत जाते आणि खालून निसटण्याजोगी जागा शोधते. एकदा ती सापडली की पुन्हा पुन्हा तेथूनच जाते. सांबर मात्र खांद्याशी साडेचार-पाच फूट उंच आणि नराचे वजन दोनशे किलोंहून अधिक. ते उडी मारून पलीकडे जाऊ शकते. पिसोरीला वितभर फटही पुरते.

संकट येते ते घाईत. कुत्री मागे लागली, माणसांचा गलका झाला किंवा बिबट्याची चाहूल लागली, म्हणजे प्राणी शोधाशोध न करता झेप घेतो. हरिणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्याला चौफेर हालचाल चटकन दिसते. पण संधिप्रकाशात समोरची बारीक तार स्पष्ट दिसत नाही. उडी घेताना ते मागचे पाय पोटाखाली ओढून घेते. उडी थोडी अपुरी पडली, तर ते पाय सर्वांत वरच्या दोन तारांच्या मध्ये शिरतात. शरीर पुढे जाते, दोन तारा एकमेकींवर पीळ घेतात आणि पाय जणू पक्कडीत सापडतो. प्राणी डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत लटकतो. जितका झटापट करील तितका पीळ घट्ट होतो.

ज्या देशाने काटेरी तार जगाला दिली, तेथेच या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास झाला. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ साली काटेरी तारेचे एकस्व मिळविले आणि पश्चिमेकडील अफाट गायराने काही दशकांत तारांनी विभागली गेली. पुढे युटा आणि कोलोराडो राज्यांतील कुंपणांची पाहणी करून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे दर अडीच मैल कुंपणामागे वर्षाला सरासरी एक खूरधारी प्राणी तारांत अडकून मेलेला आढळला. बहुतेकांचा घात वरच्या दोन तारांनी केला होता. पाडसांचा मृत्यू प्रौढांच्या आठपट प्रमाणात होत होता. काही पाडसे तर तारेत अडकलेलीही नव्हती. कुंपणाजवळ अंग मुडपून ती मरून पडली होती. आई पलीकडे गेली, पाडस अलीकडे राहिले, एवढेच त्यांच्या मृत्यूचे कारण असावे.

हे वाचल्यावर श्रावकाला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाची आठवण व्हावी. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जीवाला अडकवून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर पेलणार नाही एवढा भार घालणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. हे अतिचार सांगताना प्रामुख्याने गोठ्यातील जनावरे डोळ्यांपुढे असावीत. पण ज्याची वाट धन्याच्या तारेने अडते, ते रानातले भेकरही त्या अडण्यापुरते धन्याच्या ताब्यात आलेलेच असते. तारेत पाय अडकला तर तो बंध, काट्याने कातडे फाटले तर तो छेद आणि पऱ्यापर्यंतची वाट बंद झाली तर तो अन्नपाननिरोध. एका कुंपणात तीन अतिचार एकदम घडू शकतात, आणि तेही मालक घरी शांतपणे झोपलेला असताना.

यावर कोणी म्हणेल, गृहस्थाने मालमत्तेचे रक्षण करू नये काय? अवश्य करावे. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा त्याला सर्वथा टाळता येत नाही, हे शास्त्रानेही जाणले आहे. वालाचे किंवा भाजीपाल्याचे शेत एका रात्रीत रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला दयेचे धडे देणे हा क्रूरपणाच होईल. रासायनिक कारखान्याचे आवार तर बंदिस्तच असावे. तेथील पाणी प्राण्याच्या तोंडी न लागणे हीच त्याच्यावरची दया होय. परंतु त्याच तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मुख्य स्थान दिले आहे. म्हणून कुंपण घालावे की नाही, हा येथील प्रश्न नव्हे. ते घालताना कोणी विचार केला की नाही, हा प्रश्न आहे.

जुन्या कोकणी शेतकऱ्याच्या कुंपणात हा विचार बहुधा आपोआपच होत असे. दगडाचा गडगा कंबरेइतका असे. तो प्राण्याला लांबूनही दिसे आणि सांबर तो सहज ओलांडी. काट्याकुट्यांची वई दरवर्षी नव्याने घालावी लागे. पीक निघाले की ती मोडे किंवा सरपणाला जाई आणि वाट पुन्हा मोकळी होई. हद्दीवर निवडुंग, करवंद, मोगली एरंड लावला जाई. बेडे काढले की जनावरांना जाण्यायेण्यास आडकाठी नसे. ती कुंपणे पिकापुरती व हंगामापुरती होती. लोखंडी तार बारमाही आहे, अदृश्य आहे आणि पीक नसलेल्या जमिनीभोवतीही ती तितक्याच इमानाने उभी राहते.

मग तारेचेच कुंपण घालायचे झाल्यास काय करावे? अमेरिकेतील वन्यजीव खात्यांनी गायरानांसाठी सुचविलेली मापे येथेही विचारात घेण्याजोगी आहेत. सर्वांत वरची तार जमिनीपासून साधारण ४० इंचांहून उंच नसावी. वरच्या दोन तारांत किमान १२ इंच अंतर असावे, म्हणजे पाय त्यांच्यात पिळला जात नाही. सर्वांत खालची तार जमिनीपासून १६ ते १८ इंच वर असावी, म्हणजे भेकराला खालून निघता येते. वरची आणि खालची तार काटेरी नसून साधी, गुळगुळीत असावी. काटे मधल्या तारांपुरते पुरेत. वरच्या तारेऐवजी बांबूची आडवी काठी बांधली तर ती संध्याकाळीही दिसते. यातील एकाही गोष्टीने खर्च फारसा वाढत नाही. काट्याची तार कमी लागते, एवढाच काय तो फरक.

अशा कुंपणाने गुरे अडतात, हद्द कायम राहते. मात्र रानडुक्कर अडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणून जेथे भाजीपाला किंवा कोवळी रोपे आहेत तेवढ्याच तुकड्याला भक्कम, सलग व ठळक दिसणारे कुंपण करावे. दहा एकरांच्या खरेदीत लागवड दोन एकरांत असेल, तर उरलेला आठ एकर उतार आणि त्यातील पऱ्या बंद करण्याने कोणाचे काय राखले जाते? सात-बारा तारेवाचूनही मालकाच्याच नावावर राहतो. औद्योगिक भूखंडांना भिंत हवीच. पण तिच्यावर धारदार पात्यांची वेटोळी बसविण्यापूर्वी खरोखर गरज आहे का, याचा विचार करावा, आणि ओहोळाचा काठ शक्यतो भिंतीबाहेर सोडावा.

आणखी दोन गोष्टी धोक्याच्या आहेत. पहिली, वीज. घरगुती किंवा पंपाच्या लाइनवरून कुंपणात थेट प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे. त्यात प्राणी मरतात आणि माणसेही मरतात. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो व तो केवळ परतवून लावतो. या दोहोंत महदंतर आहे. दुसरी गोष्ट फासकीची. कुंपणाच्या ज्या फटीतून प्राणी रोज जातात, नेमकी तीच जागा हेरून शिकारी तारेचा फास लावतात. डुकरासाठी लावलेल्या फासकीत भेकर सापडते, बिबट्याही सापडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणी फासात पकडणे हीदेखील शिकारच आहे. आठवड्यातून एकदा राखणदाराने कुंपणाभोवती फेरी मारली, तर फास वेळीच सापडतो. जुनी, तुटलेली, गवतात लोळणारी तार आणि फाटकी नायलॉनची जाळीही याच फेरीत गोळा करता येते.

एखादा प्राणी अडकलेला दिसलाच, तर गर्दी करू नये. भेदरलेले हरीण जखमेपेक्षा भीतीच्या धक्क्यानेही दगावते. शक्य असल्यास दुरून अलगद डोळ्यांवर कापड टाकावे, कुत्री हाकलावीत, मोबाइलवर चित्रे घेणाऱ्यांना दूर करावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दयाबुद्धीने त्याला घरी आणून बांधणे कायद्यातही बसत नाही आणि त्याच्या जिवावरही बेतते.

जैन परंपरेला हा विषय परका नाही. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे लांछनच हरीण आहे. बावीसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची कथा घराघरांत सांगितली जाते. राजीमतीशी विवाह करण्यास निघालेल्या नेमिकुमारांनी वाटेत वाड्यांत व पिंजऱ्यांत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला. सारथ्याला कारण विचारले. लग्नाच्या भोजनासाठी ते कोंडले आहेत हे कळताच त्यांनी रथ मागे फिरविला. या कथेत वैराग्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, आणि ते योग्यच आहे. पण आरंभ एका प्रश्नापासून झाला, हेही ध्यानात घ्यावे. तो वाडा नेमिकुमारांनी घातलेला नव्हता. तो त्यांच्यासाठी घातलेला होता, एवढे त्यांना पुरेसे वाटले. आज मालकाने स्वतः तार ओढलेली नसते, ठेकेदाराने ओढलेली असते. म्हणून प्रश्न विचारण्याची जबाबदारी टळत नाही.

जीवदयेसाठी समाज हात आखडता घेत नाही. मुंबईची पांजरापोळ १८३४ पासून चालू आहे आणि गावोगावी अशा संस्थांना व्यापारी कुटुंबांचा आधार आहे. मात्र ही सेवा बहुतांशी पाय मोडल्यानंतरची आहे. रानातला प्राणी तर पांजरापोळीत आणताही येत नाही. त्याच्यासाठी जे करायचे ते पाय मोडण्यापूर्वीच करावे लागते. तार विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला गुळगुळीत तारेचे एक भेंडोळे सुचविले, कारखानदाराने ठेकेदाराला मापे लिहून दिली, संस्थेच्या विश्वस्तांनी आपल्या मोकळ्या जमिनीची एक बाजू पाण्याकडे उघडी ठेवली, तर त्यासाठी निधी गोळा करावा लागत नाही.

महावीर जयंती चैत्रात येते. महाड-पोलादपूरचे पऱ्ये आटू लागतात तेही त्याच सुमारास. त्या दिवशी मिरवणूक आटोपल्यावर कुटुंबातील मुलांना सोबत घेऊन आपापल्या शेताच्या वा भूखंडाच्या कुंपणाभोवती एक फेरी मारता येईल. खालची तार किती उंचीवर आहे, पाण्याची वाट कोठून जाते, फास कोठे लावलेला नाही ना, हे मुलांनाच पाहू द्यावे. मोजपट्टी आणि पक्कड एवढे साहित्य पुरते. अहिंसेचा एक पाठ मुलांना स्वतःच्या हाताने गिरवता येईल आणि रात्री रानातून उतरणाऱ्या भेकराला पाण्यापर्यंत जाता येईल.