टीव्हीचा आवाज

चातुर्मासात आमच्याकडे दिवस असतानाच जेवणं उरकतात. माझं मागचं आवरून होईपर्यंत आत्ती टीव्हीसमोर आपल्या खुर्चीत जाऊन बसलेल्या असतात. आधी महाराजांचं प्रवचन, मग एक कन्नड मालिका, मग एक मराठी. बेळगावच्या घरात दोन्ही भाषा चालतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

गेल्या वर्षी मात्र त्या टीव्हीवरून घरात रोज कुरबुर सुरू झाली. आत्तींचा आवाजाचा आकडा वीसवरून पस्तीसवर गेला, मग अठ्ठेचाळीसवर. वरचे भाडेकरू जमिनीवर ठोकायला लागले. हे आतून ओरडायचे, "आई, कमी कर की गं जरा!" त्या बिचाऱ्या मुकाट्याने आवाज कमी करायच्या आणि बघत बसायच्या.

एकदा मी सहज विचारलं, "आत्ती, आज महाराज काय म्हणाले?"

"काय की बाई. ओठ हलताना बघितले."

मला कसंतरीच झालं. दोन महिने त्या नुसतं चित्र बघत होत्या आणि आम्ही शांतता झाली म्हणून खूश होतो.

थोरला म्हणाला, नवीन टीव्ही घेऊ. पण टीव्ही नऊ वर्षांचा असला तरी चित्र अजून लख्ख आहे. चांगली चालणारी वस्तू टाकायची म्हणजे जिवावर येतं, आणि धाकटीची फीही भरायची होती. धाकटी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. ती टीव्हीच्या खाली वाकली आणि म्हणाली, "आई, ह्याचे स्पीकर बघ कुठं तोंड करून आहेत ते." बघते तर आवाजाची भोकं खालच्या बाजूला! आपल्या जुन्या शटरच्या टीव्हीचं पोट मोठं होतं, स्पीकरही पुढं असायचा. आताचे टीव्ही पाटासारखे चपटे. स्पीकर बारके, आणि आवाज खाली नाहीतर मागं भिंतीवर आपटून मग आपल्याकडं येतो. त्यात आमच्या हॉलला गुळगुळीत फरशी, सगळं घुमतं.

पहिला उपाय फुकटचा. सेटिंगमध्ये आवाज 'मूव्ही'वर होता, तिनं तो बातम्यांच्या पर्यायावर आणला. बास कमी केला, ट्रेबल थोडा वाढवला, सराउंड बंद केलं. संगीत जरा पातळ झालं, पण बोलणं पुढं आलं. मी खाली सतरंजी घातली, खिडकीला जाड पडदा लावला.

दुसरा उपाय माळ्यावर होता. जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर पडून होते. त्यांची पिन टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात बसते, फक्त वायर आखूड. गणपत गल्लीतून तीन मीटरची जोडवायर आणली, दीडशे रुपयांच्या आत काम झालं. स्पीकर टीव्हीजवळ ठेवायचे नाहीत, आत्तींच्या खुर्चीशेजारी, कानाच्या उंचीला ठेवायचे, ही युक्ती धाकटीची. सुरुवातीला गुंऽऽ असा आवाज यायचा. स्पीकरचा प्लग टीव्हीच्याच बोर्डावर लावला तेव्हा तो गेला. तुमच्या टीव्हीला हेडफोनचं भोक नसेल, तर खरेदीला जाण्याआधी मागची भोकं नीट बघून घ्या. नुसतं ऑप्टिकलचं असेल तर मध्ये एक छोटी डबी लागते. ब्लूटूथवर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आमच्या आत्तींना तर ते अजिबात चाललं नसतं.

मधल्या काळात कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. खरं तर तेच आधी करायला हवं होतं. एका कानात मळ घट्ट बसला होता. तो काढल्यावर तपासणी झाली. वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात, असं ते म्हणाले. स, श, फ, थ ही अक्षरं निसटतात. म्हणून ऐकू येतं, पण कळत नाही. आवाज नुसता मोठा केला की गडगडाट तेवढा वाढतो. कानाचं मशीन घ्यायला सांगितलंय. आत्ती अजून "बघूया" म्हणताहेत.

टीव्हीचा आकडा आता बावीसवर असतो. भाडेकरू गप्प आहेत.

पण मला खटकलं ते दुसरंच. मी दिवसभर स्वयंपाकघरातून हाक मारत होते, "आत्ती, डाळ कुठली भिजवू?" उत्तर आलं नाही की मनात म्हणायची, मुद्दामच करतात. टीव्हीचा आवाज त्यांच्या खुर्चीपर्यंत नेला आणि मी मात्र ओट्याशीच उभी! आता हात पुसत बाहेर येते, समोर उभी राहते, चेहरा दिसेल असं बोलते. ओरडावं लागत नाही.

परवा सकाळी मूग निवडताना त्यांनी आदल्या रात्रीच्या प्रवचनातली गोष्ट मला सांगितली. मधला एक भाग त्यांनी चुकीचा ऐकला होता. राजाच्या जागी मंत्र्याला वैराग्य आलं होतं. मी काही बोलले नाही. मूग संपले तरी गोष्ट चालूच होती.