सालईचा चीक

फाल्गुनात सातपुड्यातली सालई निष्पर्ण होते. राखी-हिरव्या खोडावरचे पापुद्रे कागदासारखे सुटून लोंबत असतात आणि जिथे साल तासली असेल तिथून चीक झरतो. आधी पांढरट, मग उन्हाने पिवळा, तांबूस. बोटाला लागला की दिवसभर सुटत नाही, आणि वास थेट देवघरातला. बऱ्हाणपूरकडे आम्ही त्याला सालईचा गोंद म्हणतो. धुपात, अगरबत्तीत, सांधेदुखीच्या औषधात तो संपून जातो.

झाड मात्र तो आपल्यासाठी गाळत नाही. साल फाटली की बुरशी आणि कीड आत शिरते, म्हणून जखमेवर ते स्वतःच लेप लावतं. त्यात एखादी मुंगी अडकली, तर लेपाने आपलं काम केलं एवढंच.

अंबर म्हणजे अशाच एखाद्या लेपाचं अतिवृद्ध रूप. राळेतली उडून जाणारी तेलं निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांत गुंफत जातात, आणि हे सगळं हवेपासून दूर, गाळाखाली, लाखो वर्षं चालतं. सालईच्या चिकात राळेबरोबर पाण्यात विरघळणारा गोंदही असतो. तो दोन पावसाळेही काढणार नाही. शिवाय आमच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण. लाव्हारसात राळ जळते, टिकत नाही. तिला टिकायला चिखल लागतो, दलदल लागते.

तशी दलदल आमच्याच तापीच्या खालच्या अंगाला होती. सुरत जिल्ह्यात वस्तान इथे लिग्नाइटची खाण आहे. दख्खनचे ज्वालामुखी थंडावल्यावर कोटभर वर्षांनी त्या बाजूला दमट सदाहरित जंगल वाढलं, किनाऱ्याच्या दलदलीत गाडलं गेलं, आणि कोळशाच्या थरांत त्याची राळ राहिली. वय 5 कोटी वर्षांहून अधिक. जर्मनीचे येस रुस्ट, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंग, अमेरिकेचे डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली तिचा वृत्तान्त छापला: दीडशे किलो अंबर, त्यात 700 हून अधिक किडे आणि त्यांचे भाऊबंद, 55 हून अधिक कुळांचे. ही राळ पुरती घट्ट गुंफलेली नाही, म्हणून ती द्रावकात विरघळवून किडा अख्खा बाहेर काढता येतो. बाल्टिक अंबरात ही सोय नाही.

राळ कुठल्या झाडाची, हे तिच्या रसायनावरून ठरलं. पवईच्या आयआयटीतले सूर्येंदु दत्ता यांनी या कामात मोठा वाटा उचलला. झाडं निघाली डिप्टेरोकार्प कुळातली. मंडला-बालाघाटकडचा शालवृक्ष याच कुळातला. सालई वेगळ्या कुळातली, ती गुग्गुळाची नातलग.

मला सर्वांत जास्त गंमत वाटली ती किड्यांच्या सोयरिकीची. आफ्रिकेपासून तुटलेला भारत कोट्यवधी वर्षं समुद्रात एकटा तरंगत होता, म्हणजे इथले जीव जगावेगळे असायला हवेत. पण वस्तानच्या किड्यांचे नातलग युरोपातल्या बाल्टिक अंबरात सापडले, आशियात सापडले, पार मध्य अमेरिकेतही. आपलं बेट वाटलं होतं तितकं एकलकोंडं नव्हतं.

बाल्टिक म्हटलं की मला ताव्हेर्निए आठवतो. 17 व्या शतकातला हा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपुरावरून गेला, आणि इथली झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जाते असं लिहून गेला. त्याच ग्रंथात पिवळ्या अंबरावरही प्रकरण आहे. ते प्रशियाच्या किनाऱ्यावर मिळतं, असं तो सांगतो. म्हणजे आमच्या विणकरांचं कापड अंबराच्या देशाच्या शेजारी पोचत होतं. सुरतेच्या वाटेवरून अंबराचा व्यापार करणाऱ्यांना त्याच वाटेजवळ जमिनीत अंबर आहे याचा पत्ता नव्हता.

सालईच्या नशिबी दुसराच व्यापार आला. नेपानगरच्या गिरणीत सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा वर्तमानपत्री कागद होऊ लागला; 1956 साली नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. देशाला कागद हवा होता, तक्रार करणार कशी? पण दुसऱ्या दिवशी रद्दी होणाऱ्या कागदासाठी उभी झाडं गेली, हे मला खटकतंच.

आता कुऱ्हाड गोंदासाठी चालते. साल खोलवर, दरवर्षी, त्याच खोडावर तासली की जखम भरतच नाही. झाडाची सगळी शिल्लक चिकात जाते, फुला-बियांना उरत नाही. इथिओपियाकडच्या ऊदाच्या झाडांचं, म्हणजे सालईच्याच बहिणींचं, हेच झालं आहे. 2019 मधल्या एका अभ्यासानुसार तिथलं उत्पादन वीस वर्षांत निम्म्यावर येईल, कारण म्हाताऱ्या झाडांखाली नवी झाडं वाढतच नाहीत. सातपुड्यात ती पाळी येऊ द्यायची नसेल, तर तासलेल्या झाडाला काही वर्षं मोकळं सोडावं, कोवळ्या खोडाला हात लावू नये, आणि गोंद विकत घेणाऱ्याने तो कसा काढला हे आधी विचारावं.