डावा हात

मी डावखुरा. पाटीवर डाव्या हातानं अक्षर काढलं की गुरुजींची छडी बोटांवर. शेवटी उजव्या हातानं लिहायला लागलो. अक्षर आजही लंगडतं.

म्हणून केथ वॉकर या बाईची हकीकत वाचताना मी सुरुवातीलाच अडलो. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी नूनकल लोकांतली ही बाई. जन्म १९२०. बेटाचं नाव मिंजेरीबा. गोऱ्यांनी त्याला स्ट्रॅडब्रोक केलं. पोर डावखुरी, आणि शाळेत तिच्याही डाव्या हाताला शिक्षा. तेराव्या वर्षी शाळा सुटली नि ती गोऱ्यांच्या घरी मोलकरीण झाली.

याच बाईनं १९६४ साली कवितासंग्रह छापला. त्या देशातल्या मूळनिवासी माणसाचा तो पहिला. त्याआधी १९६३ साली ती शिष्टमंडळातून पंतप्रधान मेंझिसला भेटली. त्यानं दारूचा पेला पुढं केला. बाईनं तोंडावर ऐकवलं, माझ्या क्वीन्सलँडात मूळनिवासीला दारू दिली म्हणून तुम्ही तुरुंगात जाल!

मग ती सार्वमतासाठी देशभर बोलत फिरली. २७ मे १९६७. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'होय' म्हटलं. दोस्तहो, यानं मताचा हक्क मिळाला असं पुष्कळजण सांगतात. ते खोटं. केंद्राच्या निवडणुकीतलं मत १९६२ सालीच मिळालं होतं. १९६७ नं मूळनिवासींना लोकसंख्येत न धरणारं कलम गेलं, आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार केंद्राला आला. म्हंजे माणसं मोजली गेली. पण जमीन? ती कुठाय?

१९७१ साली बाई बेटावर परतली. बापजाद्यांच्याच जमिनीचा तुकडा सरकारकडनं भाडेपट्ट्यानं घेतला. नाव ठेवलं मूनगाल्बा, म्हंजे बसायची जागा. स्वतः कॅराव्हानमध्ये राहिली नि तिथंच शाळा मांडली. भिंती नाहीत, छडी नाही. झाडं ओळखायची, शिंपले गोळा करायचे, लागेल तेवढंच घ्यायचं, रात्री गोष्टी ऐकायच्या. हजारो पोरं आली. काळी आली, गोरीही आली.

गोऱ्यांची पोरं कशाला, म्हणून मी चिडलो. नंतर उमगलं. जागा तिची, धडा तिचा, गुरू ती. गोरं पोरगं मांडी घालून समोर बसलंय. स्वयंनिर्णय म्हणतात तो असा जमिनीवर बसूनसुद्धा सुरू होतो.

१९७० साली ब्रिटिश राणीचा किताब मिळाला होता. १९८८ ला गोऱ्यांच्या वसाहतीची दोनशे वर्षं साजरी व्हायची होती, तेव्हा आधीच, १९८७ साली, तिनं तो परत केला. वॉकर नावही टाकलं आणि उजेरू नूनकल झाली. उजेरू हे एका झाडाचं नाव. १९९३ साली ती गेली. २०११ साली कोर्टानं बेटावरचा तिच्या लोकांचा मूळ हक्क मान्य केला. आणि २०२३ साली, संसदेला सल्ला द्यायला मूळनिवासींचं एक मंडळ राज्यघटनेत असावं, एवढ्यावर कौल घेतला, तर साठ टक्के लोक 'नाही' म्हणाले. नव्वद टक्के 'होय' म्हणणारा देश तो हाच.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? मी वस्तीत रात्रीचा वर्ग घेतो. मागच्या महिन्यात एका पोरीच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून मी तिच्या उजव्या हातात कोंबली. पोरगी गप्प बसली. गुरुजींची छडी माझ्याच हातात आली होती, न दिसणारी.

काल तिच्यापुढं बसलो. म्हटलं, बाय, तुझ्या हातानं लिही. मी बघतो.