कसबाची किंमत

नाताळाच्या आधीचे दिवस होते. शाहूवाडी तालुक्यातील काही कुटुंबांच्या भेटी आटोपून आम्ही मलकापूरमार्गे परतत होतो. रस्त्याच्या कडेला एक वृद्ध बुरूड मेसकाठी फोडीत बसलेले दिसले. सणाला मुलांना खाऊ वाटण्यासाठी तीस टोपल्या हव्याच होत्या. आम्ही गाडी थांबविली.

त्यांनी एका टोपलीचे एकशेवीस रुपये सांगितले. आम्ही ऐंशीवर अडून बसलो. "मामा, मेस तर बांधावर उगवते. एवढ्याशा टोपलीला इतके पैसे?" असे आम्ही म्हणालो.

ते हसले. म्हणाले, "फादर, मेस उगवती फुकट, पर कामटी फुकट निघत न्हाई."

सणाची निकड त्यांनाही होती. ते ऐंशीला तयार झाले. बाराशे रुपये वाचविल्याचे समाधान आम्हाला वाटले, हे कबूल केलेच पाहिजे.

तयार टोपल्या पुरेशा नव्हत्या, म्हणून उरलेल्या विणून होईपर्यंत आम्ही तेथेच बसलो. कोयत्याचा एक हलका घाव, मग बोटांचा दाब, आणि काठी टोकापर्यंत सरळ चिरत जाई. पाठीची हिरवी कामटी काठासाठी बाजूला पडे, पोटाची मऊ कामटी विणीत जाई. मोजपट्टी कोठेच नव्हती. तरी एका टोपलीत दुसरी अचूक बसत होती. पूर्वी या भागात भातलावणीला इरली लागत, घरोघरी सुपे, रोवळ्या, डालगी लागत. प्लास्टिक आले आणि ते गिऱ्हाईक आटले.

"मुलगा हे काम करतो का?" आम्ही विचारले. मुलगा कोल्हापुरात एका ओतकामाच्या कारखान्यात होता. तेथे तो लाकडी साचे, म्हणजे पॅटर्न, बनवितो. वाळूत आधी त्या साच्याचा ठसा उमटवितात, मग त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. निवताना लोखंड आकसते, म्हणून साचा किंचित मोठा ठेवावा लागतो. "त्येचा हात बसल्याला हुता, म्हनून घेत्लं," म्हातारबाबा अभिमानाने म्हणाले. टोपलीत मुरलेला हात आता यंत्राचे भाग घडवीत होता. बापाला त्याच हाताचे ऐंशी रुपये देऊन आम्ही खूश झालो होतो!

वाचकहो, कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही. नाटकांचे पडदे रंगविणारे, मेस्त्री घराण्यातले बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. त्यांनी १९२९ साली 'प्रभात' काढली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. त्यांच्या मागोमाग सुतार, रंगारी, शिंपी, वीजतंत्री, तिकीटविक्रेते अशा किती घरांची चूल पेटली! पडदे रंगविण्याचे काम 'छंद' म्हणून कोणी हिणविले असते, तर हा सारा व्यवसाय कोठून उभा राहिला असता?

आणि कोल्हापुरी चप्पल? बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले ते कातडे, हाताने घातलेली ती वेणी. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मूळ गावाचा उल्लेख न करता मांडल्या. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने त्यांचे मूळ मान्य केले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. येथे बनणाऱ्या दोन हजार जोडांची किंमत प्रत्येकी सुमारे ८०० युरो जाहीर झाली. परक्याने मोल सांगितले तेव्हा आपले डोळे उघडले. मात्र बाजारात त्याच चपलेसाठी घासाघीस करणारे आपणच होतो.

आपण मालाचे पैसे मोजतो, फार तर तासांचे मोजतो. पण त्या हातात साठलेली चाळीस वर्षे आपल्या हिशेबात येत नाहीत. प्रभूला नासरेथचे लोक 'सुतार' म्हणून ओळखत. त्याच्या कामालाही कोणीतरी "लाकूड तर रानातले" असे म्हटलेच असेल!

नाताळ झाल्यावर आम्ही मुद्दाम मलकापूरला गेलो आणि बाराशे रुपये त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी हात मागे घेतला. "दान हाय का?"

"नाही मामा. तुमची राहिलेली मजुरी आहे."

तेव्हा त्यांनी पैसे मोजून घेतले आणि पुन्हा कोयता उचलला.

पुढच्या सणाला आपल्यापैकी कोणी टोपली, पणती वा चप्पल घेण्यास बाजारात जाईल. तेव्हा भाव पाडण्यापूर्वी त्या हातांकडे क्षणभर पाहावे, एवढीच आमची विनंती.