शॉकअप गेला तरी चालतंय?

ब्रेक लागेना झाला की आपण लगेच मिस्त्रीकडे धावतो. शॉकअप गेला तर मात्र ‘चलता है’. शॉकअप फक्त पाठीच्या आरामासाठी नसतो. तो ढिला पडला की खड्ड्यानंतर चाक नाचत राहतं, आणि रस्त्यावर धड न टेकलेल्या टायरला ब्रेक काय धरणार? गाडी लांब जाऊन थांबते. बॉल जॉइंट निसटला तर पुढचं चाकच आडवं होतं, मग स्टिअरिंग नुसतं हातात.

आमचे मिस्त्री चाचा बोनेटचा कोपरा दाबून सोडतात. गाडी हिंदकळतच राहिली की मान हलवतात. परवा माझ्या भावाला म्हणाले, “बेटा, अम्मी को इसी में घाट से ले जाओगे?” दोन्ही शॉकअप आणि बॉल जॉइंट बदलले, तेव्हाच अम्मी गाडीत बसल्या.