एकावर एक फ्री आणि नऊ माणसांचा पास्ता

महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्या घरात दोन गोष्टी एकदम होतात. तुरीच्या डाळीचा डबा तळाला जातो आणि मुलांना बाहेरचं खावंसं वाटतं. पगाराच्या आठवड्यात कुणाला पिझ्झा-पास्ता आठवत नाही, याचं कोडं मला वीस वर्षांच्या संसारात सुटलेलं नाही.

या वेळची मागणी घरापुरती नव्हती. लेकीची सहामाही संपली होती आणि तिला चार मैत्रिणींना जेवायला बोलवायचं होतं. हॉटेलात पास्त्याची बरी प्लेट अडीचशेच्या खाली मिळत नाही. पाच मुलींचे साडेबाराशे झाले, आणि घरातले चौघं त्या दिवशी काय उपाशी राहणार? मी म्हटलं, घरीच करू. त्यावर ती जरा थांबून म्हणाली, "अम्मी, पण त्या जेवतील ना?"

चौघींपैकी दोघी शाकाहारी, त्यातली एक अंडंही न खाणारी. आमच्या घरी येऊन नुसतं सरबत पिऊन 'आज उपवास आहे' म्हणणारे पाहुणे आम्ही खूप पाहिलेत. मोठ्यांचं मी मनाला लावून घेत नाही. चौदा वर्षांच्या पोरीला मात्र ते लागतं. एका मुलीच्या आईनं सरळ फोन करून विचारलं, "भांडी वेगळी असतात का हो?" मला राग आला नाही. विचारणारी बाई न विचारता मुलीला घरी ठेवणारीपेक्षा बरी. मी सांगितलं, दूध आणि खिरीचं पातेलं आमच्याकडे कायम वेगळंच असतं, त्यातच करीन.

पास्ता निवडण्यात शहाणपण होतं ते इथं. मी व्हेज पुलाव केला असता तरी तो 'त्यांच्याकडचा पुलाव' झाला असता. पास्ता कुणाकडचाच नाही.

आता खरेदी. घराजवळच्या मोठ्या दुकानात ड्युरम गव्हाच्या पास्त्यावर एकावर एक फ्री होतं, म्हणजे १२० रुपयांत एक किलो. एरवी 'फ्री' शब्द दिसला की मी आधी तारीख बघते. पास्ता वाळवलेला असतो, बरेच महिने टिकतो, त्यामुळे तिथं फसगत नाही. घटक मात्र वाचावेत. शेजारच्या फळीवर सुटी मॅकरोनी स्वस्त होती, पण मैद्याची. मैद्याचा पास्ता पाच मिनिटं जास्त शिजला की त्याची खळ होते. ड्युरम म्हणजे आपल्याकडच्या बन्सी गव्हाचीच जात, रवाळ आणि कणखर. त्याचा दाणा तोंडात लागतो. पाकिटावर हल्ली एमआरपीच्या जवळ प्रतिग्रॅम दरही छापतात, तो बघायची सवय लावून घ्या. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असं नाही.

कूपनचं गणित वेगळं. दुकानाच्या अ‍ॅपवर ७९९ च्या खरेदीला ७५ रुपये सूट होती. पास्ता आणि चीज मिळून २६० होत होते. उरलेल्या रकमेसाठी बिस्किटं आणि शाम्पू उचलायला लावणं हाच कूपनचा धंदा असतो. मी घेतली तूरडाळ, तेल आणि चहापत्ती. ती पुढच्या आठवड्यात घ्यायचीच होती, म्हणून ७५ रुपये खरे वाचले. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून पास्ता आणि चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. जुन्या किमतीवर 'मोठी सूट' लावलेली पाटी दिसली तर हे लक्षात असू द्या.

चीजच्या कपाटापाशी मी जास्त वेळ घालवला. परदेशी पार्मेजानचा एक तुकडा अर्ध्या किमतीत होता, मुदत संपत आलेली. त्याच दिवशी शिजवायचा तर मुदतीचं काही नव्हतं. पण खरं पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनंच विरजतात, नियमच तसा आहे. ते वासरू कसं कापलं हे माहीत नसल्यानं माझ्यासाठी ते संशयाचं, आणि लेकीच्या मैत्रिणींसाठी तर विषयच संपला. मी आपलं देशी प्रोसेस्ड चीज घेतलं, सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, चौकटीत हिरवा ठिपका असलेलं. तो ठिपका त्या मुलीच्या आईला ज्या कारणासाठी लागतो त्याहून माझं कारण वेगळं आहे, पण आम्ही दोघी पाकीट उलटून शोधतो तोच.

भाजी संध्याकाळी लक्ष्मी मंडईतून आणली. दिवे लागल्यावर टोमॅटोचे ढीग उतरतात, त्यातले पिकून मऊ झालेले सॉसला उलट चांगले. दोन किलो ५० रुपयांत. सिमला मिरची, गाजर, मक्याची दोन कणसं मिळून ७०, चीज १४०, दूध ३०, कांदा-लसूण २०, पास्ता १२०. एकूण ४३०, वजा ७५. तेल-गॅस धरून चारशे म्हणा. माणसं नऊ.

इटालियन लोक १०० ग्रॅमला एक लिटर पाणी सांगतात. साडेसातशे ग्रॅमला साडेसात लिटर उकळायचं तर सिलिंडर कुणी भरायचा? निम्म्या पाण्यातही होतो, फक्त सुरुवातीची दोन मिनिटं ढवळत राहायचं. पाणी ओतून देऊ नका. त्या पेजेची एक वाटी सॉसमध्ये घातली की सॉस पास्त्याला धरून राहतो आणि चीज कमी लागतं. टोमॅटो तेलावर लसूण-कांद्याबरोबर मंद आचेवर पाऊण तास आटवले, घोटले, त्यात अर्धा लिटर दूध घातलं. वरून थोडं लाल तिखट, कारण आम्ही सोलापूरचे.

आमच्या सासूबाई, मुलांची दादी, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "सेवैयां में टमाटर डालते क्या कोई?" असं म्हणून त्यांनी निकाल दिला. त्यांची तुलना वाटते तितकी वेडी नाही. अल्-इद्रिसी हा अरब भूगोलकार सिसिलीच्या दुसऱ्या रॉजर राजाच्या पदरी होता. ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात त्यानं लिहिलंय की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात 'इत्रिया' पुष्कळ बनते आणि जहाजांनी मुसलमान व ख्रिस्ती मुलखांत जाते. इत्रिया म्हणजे गव्हाच्या वाळवलेल्या शेवयाच. मार्को पोलोनं चीनहून पास्ता आणला म्हणतात, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. दादींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तो फिर शक्कर डालो."

मुली आल्या, आणि चौघीही जेवल्या. अंडं न खाणारीनं दुसऱ्यांदा मागून घेतला आणि त्यावर शेंगाचटणी भुरभुरली. मला ते बघून धसका बसला होता, पण चव घेतली तर छान लागत होतं. दादींनी आपल्या वाटीत गुपचूप साखर घातली. लेक मात्र सबंध वेळ दुसऱ्यांच्या ताटांकडे बघत होती. स्वतःचं तिनं शेवटी, सगळं थंड झाल्यावर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आईचा फोन आला. चीज कुठलं वापरलं होतं, विचारत होत्या. मी पाकिटाचा फोटो पाठवला, ठिपका दिसेल असा, आणि खाली लिहिलं की एकावर एक फ्री रविवारपर्यंतच आहे.